ल्वारचा वेल, गोदेचे खोरे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ओरगडम येथे दिलेले भाषण)



नाशिक म्हटले की आपल्याला रामकुंड आणि काळाराम मंदिर आठवते. देशातील इतरांना आज त्याच नावाबरोबर द्राक्षमद्यही आठवते. कारखान्यांच्या निमित्ताने ओरगडमला येऊन स्थिरावलेल्या आपणा मंडळींना या बदलाविषयी कधी अभिमान वाटतो, तर कधी संकोच. या दोन्ही भावनांना माहितीचा आधार असावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

महाराष्ट्रात या उद्योगाचा पाया १९८० च्या दशकात नारायणगावी शामराव चौगुले यांनी घातला. तेथे फ्रेंच पद्धतीचे फेसाळ मद्य तयार होऊ लागले. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी खाण्याच्या द्राक्षांऐवजी सॉव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या फ्रेंच जातींची लागवड केली. त्यांच्या ‘सुला’चे पहिले मद्य २००० साली बाजारात आले. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि दिंडोरी, निफाड, इगतपुरीकडे मद्यनिर्मितीचे कारखाने उभे राहिले.

शेनिन ब्लाँचे माहेर म्हणजे फ्रान्समधील ल्वार नदीचे खोरे. तेथे वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो आणि साधारण सप्टेंबरात फळ देतो. आपल्याकडे त्या वेळी पावसाळा सरलेलाही नसतो. म्हणून नाशिकच्या शेतकऱ्याने वेलाचे पंचांगच फिरवले. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्याच्या अखेरीस फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च या काळात काढणी. सुमारे ६०० मीटर उंचीवरील या पठारावर हिवाळ्याच्या रात्री चांगल्याच गार असतात. त्या गारव्यामुळे फळातील आम्लता टिकते, आणि हीच आम्लता शुभ्र मद्याचा ताजेपणा होय. रस साली वेगळ्या करून पोलादी टाक्यांत, थंड तपमानात आंबवितात. सॉव्हिन्यों ब्लाँला हिरव्या ढोबळी मिरचीचा व कापलेल्या गवताचा गंध असतो. शेनिन ब्लाँ पेरू आणि खरबुजाची आठवण करून देते. ही मद्ये मुरवीत ठेवायची नसतात. साधारणतः वर्षा-दोन वर्षांत, ८ ते १० अंशांपर्यंत गार करून घ्यावयाची असतात.

आता जेवणाविषयी. तळलेल्या पापलेटावर आपण लिंबू पिळतो; सॉव्हिन्यों ब्लाँची आम्लता तेच काम करते. कोथिंबीर वडीशीही तिचे चांगले जुळते. अन्न मद्याहून अधिक आंबट असेल तर मद्य पाणचट लागते. म्हणून चिंचेच्या सांबाराशी किंवा कोकमाच्या सारासोबत ते खुलत नाही. तिखटाने मद्यार्काचा दाह वाढतो. चेट्टिनाड पद्धतीच्या मिरेदार पदार्थाबरोबर किंचित गोडसर शेनिन त्यातल्या त्यात बरी.

पण दुसरी बाजू सांगितल्याविना हा विषय पुरा होत नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास संमती दिली, तेव्हा अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला. शेतकऱ्याचे हित एका पारड्यात आणि घराचे स्वास्थ्य दुसऱ्या, असा तो वाद होता. व्यसनाने मोडलेली घरे आपण पाहिली आहेत. त्यामुळे त्या विरोधाला जुनाट म्हणून उडवून लावता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही. जो घेत नाही, त्याला आग्रह करू नये. जो मोजके घेतो, त्याने त्यास औषध म्हणू नये. आणि या दोघांनीही त्यामागील शेतकऱ्याचे कष्ट विसरू नयेत.

आपण आज ज्या राज्यात राहतो, तेथेही तेनी जिल्ह्यातील कंबम खोऱ्यात पन्नीर द्राक्षे पिकतात आणि ती जवळजवळ बारमाही निघतात. त्यांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वेल मुळात परदेशी. परंतु प्रत्येक मातीने त्याला आपले वेळापत्रक शिकविले. नाशिककडे त्याचे कलम बहुधा डॉगरिजसारख्या अमेरिकी खुंटावर करतात, कारण तो क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो. खाली खुंट एक, वर डोळा दुसरा, आणि तरीही घड आपल्या जातीचाच येतो.

परमुलखात पन्नास वर्षे मराठीपण जपणाऱ्या आपल्या मंडळाला याचा अर्थ उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.