आतली पानं मोजलीत का?

आज हळद नाही, पापड नाही, शेळ्याही नाहीत. आज आपण बोलणार आहोत चित्रकथांच्या जुन्या पुस्तकांबद्दल, म्हणजे कॉमिक्सबद्दल. हसू नका. आम्हीही आधी हसलो होतो आणि मग चांगल्याच तोंडावर पडलो.

झालं असं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका वहिनींच्या घराचं छप्पर उतरवलं, तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली. वहिनींचे मामंजी शाळामास्तर होते. पेटीत त्यांनी जपून ठेवलेली इंद्रजाल कॉमिक्स निघाली. आपल्यापैकी मोठ्या बायकांना आठवत असतील. 1964 साली मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी ती काढायला सुरुवात केली आणि 1990 पर्यंत ती निघत होती. वेताळ, मॅन्ड्रेक, पुढे आपला बहादूर. मराठीतही यायची. पेटीत 43 अंक होते.

वहिनींचे गटाचे तीन हप्ते थकले होते आणि लेकीची नर्सिंगची फी तोंडावर आली होती. भाच्याने अंकांचे फोटो मोबाइलवर टाकले आणि पुण्याच्या एका संग्राहकाचा फोन आला. रविवारी येतो म्हणाले. मध्ये चार दिवस होते. त्या चार दिवसांत आम्ही काय केलं, ते आता सांगतो.

आम्ही माल "तयार" केला. पापडाचं पाकीट बाजारात नेण्याआधी कसं नीटनेटकं करतो, तसंच. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावली. पाठीवरचा रंग उडून पांढऱ्या रेघा पडल्या होत्या, तिथे मुलांच्या स्केचपेनने रंग भरला. कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या, त्या कात्रीने सरळ कापल्या. गंजलेल्या पिना उपटून नव्या मारल्या. एकीने तर अंगणात टेबल टाकून इस्त्रीही फिरवली. असे 27 अंक झाले. उरलेले 16 राहिले, कारण चिकटपट्टी संपली आणि दुकान बंद होतं.

ते दादा आले. अंक हातात घेऊन आधी वास घेतला, मग कडेवरून बोट फिरवलं, मुखपृष्ठ उलटून आतली बाजू उजेडाकडे धरली, मग एकेक पान मोजलं. पाच-सहा अंक झाल्यावर म्हणाले, "ताई, हे कुणी केलं?" आम्ही कौतुकाच्या अपेक्षेने सगळ्यांनी हात वर केले.

ते रागावले नाहीत. पण त्या 27 अंकांना वाचण्यापुरत्या प्रतीची किंमत मिळेल म्हणाले, म्हणजे रद्दीपेक्षा थोडी बरी. वहिनी काही बोलल्या नाहीत, उठून चहा टाकायला गेल्या. त्यांनी स्वतः एकाही अंकाला हात लावला नव्हता. केलं ते आम्ही सगळ्यांनी.

चहा घेताना त्या दादांनी अमेरिकेतली रीत सांगितली. नंतर आम्ही आणखी वाचलं, विचारलं. तिकडे जुन्या कॉमिक्सचा मोठा बाजार आहे आणि दर्जा ठरवून देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यातली सीजीसी ही फ्लोरिडातली कंपनी 2000 साली सुरू झाली. अंक तिच्याकडे पाठवायचा, जाणकार माणसं तो तपासतात, 0.5 ते 10 असा आकडा देतात आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद करतात. वर चिठ्ठी लागते, तिच्यावर आकडा. (वाचायची वस्तू अशी कोंडून ठेवायची, हे आमच्या मनाला काही पटलं नाही. असो, त्यांचा पैसा.)

आता असं बघा, अंकाचे दोष दोन तऱ्हेचे. एक दिसणारे: घडी पडलेली, कोपरा मोडलेला, पाठीवर पिनेजवळ बारीक रेघा. हे वापराचे दोष. त्याने आकडा उतरतो, पण अंक प्रामाणिक राहतो. दुसरे दोष डोळ्याला चट्कन दिसत नाहीत, आणि घोळ होतो तो तिथे.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे हल्क या हिरव्या राक्षसी वीराचा 181 वा अंक. 1974 च्या नोव्हेंबरचा, किंमत तेव्हा 25 सेंट. वूल्व्हरिन नावाचं पात्र त्यात पहिल्यांदा पूर्ण गोष्टीत आलं, म्हणून आज त्याला मोठी मागणी आहे. पण त्या वर्षी त्या प्रकाशनाने, मार्व्हलने, मुलांसाठी एक योजना काढली होती. वाचकांच्या पत्रांच्या पानावर तिकिटासारखं एक छोटं चित्र छापायचं. मुलांनी ते कापून एका वहीत चिकटवायचं. अशी 100 चित्रं गोळा करायची. मुलं ती! त्यांनी कात्र्या चालवल्या. आज पन्नास वर्षांनी एखाद्याच्या हाती हा अंक येतो, मुखपृष्ठ कोरं करकरीत, पाठ सरळ, कोपरे टोकदार, आणि आत पत्रांच्या पानाला टपाल तिकिटाएवढी खिडकी. गोष्टीचं एक अक्षर गेलेलं नसतं, तरी किंमत धाडकन खाली येते. तपासणारे अशा अंकाला बहुधा हिरवी चिठ्ठी लावतात, म्हणजे बाकी चांगला, पण हा एक मोठा दोष आहे असं लिहूनच देतात. निर्दोष अंकाची चिठ्ठी निळी असते, हिरवी बघितली की घेणारा थबकतो.

तसंच मधल्या पानाचं. हे अंक कसे बांधलेले असतात, आठवा. मोठे कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडायचे आणि घडीवर दोन पिना मारायच्या. एका कागदाची चार पानं होतात. बत्तीस पानांच्या अंकात असे आठ कागद. पिना सैल झाल्या की सगळ्यात आतला कागद अलगद निसटतो आणि चार पानं एकदम जातात. बाहेरून काही कळत नाही. गोष्टीची पानंच नसतील, तर मुखपृष्ठ कितीही देखणं असो, अंक अगदी तळाला जातो. काही जण दुसऱ्या फाटक्या अंकातला कागद आणून बसवतात. तेही पकडलं जातं, कारण दोन अंकांचे कागद सारखे पिवळे पडत नाहीत आणि पिनेची भोकं जुळत नाहीत.

आणि मग आमची करामत. रंग भरणं, कडा कापणं, गोंदाने जोडणं, याला तिकडे दुरुस्त केलेला अंक म्हणतात आणि त्याला जांभळी चिठ्ठी लागते. दिसायला अंक छान असतो, आकडाही कधी मोठा असतो, पण त्याच आकड्याच्या निळ्या चिठ्ठीच्या अंकापुढे त्याला फार कमी किंमत येते. तपासणाऱ्यांकडे जंबू किरणांचा दिवा असतो, त्याखाली नवा रंग आणि गोंद वेगळे उठून दिसतात. स्केचपेनचा रंग तर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला झिरपतो, त्याला दिवाही नको. कापलेली कड फार स्वच्छ दिसते, आणि अंक मापात लहान भरतो. चिकटपट्टीचं आणखी वाईट. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो, कागदात मुरतो, आणि काढायला गेलं की वरचा थर घेऊन निघतो.

इस्त्रीची मात्र गंमत आहे. तिकडे अंकावर ठरावीक उष्णता आणि ओलावा देऊन वजनाखाली घड्या काढण्याचा धंदाच आहे, आणि सीजीसी त्याला दुरुस्ती मानत नाही. काही संग्राहकांना ते अजिबात मान्य नाही. ते म्हणतात, घडी होती ती लपवलीच ना? आम्हाला त्यांचं बरोबर वाटतं. पण आमच्या कोळशाच्या इस्त्रीने कागद पिवळा पडला आणि चकाकला, त्यावर वाद घालायला जागाच नव्हती.

कागदाचंही तसंच. हा स्वस्त वर्तमानपत्री कागद, लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल असतं, त्याने तो आतून जळत जातो. मुखपृष्ठ गुळगुळीत राहतं आणि आतली पानं पापडासारखी मोडतात. म्हणून चिठ्ठीवर पानांचा रंगही लिहितात: पांढरी, मळकट पांढरी, पिवळसर, ठिसूळ. ऊन, ओल आणि पत्र्याखालचा उष्मा, तिन्ही याचे शत्रू.

त्या दादांनी एक गोष्ट सांगितली, ती वहिनींना फार लागली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात तीन भावांनी आई गेल्यावर तिचं घर आवरलं. माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांखाली खोक्यात तिने लहानपणची कॉमिक्स ठेवली होती. त्यात 1939 चा सुपरमॅनचा पहिला अंक, मूळ किंमत 10 सेंट. कुणी त्याला हात लावलेला नव्हता. तपासणीत 9 आकडा मिळाला आणि 2025 च्या नोव्हेंबरात तो लिलावात 91 लाख 20 हजार डॉलरला गेला. आपल्या इंद्रजालला असा भाव येत नाही, हे त्या दादांनी स्पष्ट सांगितलं, आम्हीही सांगतो. पेटी सापडली म्हणून कर्ज काढू नका.

मग राहिलेले 16 अंक त्यांच्यासमोरच आम्ही तपासले. त्यातला दिसायला सगळ्यात सुंदर होता, त्याच्यात मधला कागदच नव्हता. पिना जागेवर, आत पोकळी. वहिनींनाही ठाऊक नव्हतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, धाकट्या दिरांनी पतंग केला असेल.

तुमच्या घरात अशी पेटी निघाली, तर एवढं करा. पुसू नका, चिकटवू नका, कापू नका. हात कोरडे करून प्रत्येक अंक उघडा, पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं मोजा. मधल्या पानाशी दोन्ही पिना धरून आहेत का बघा. कुठे कूपन, चित्र, कोडं कापलंय का, कुणी पेनाने नाव किंवा उत्तर लिहिलंय का, कसरीने भोकं पाडलीत का, बघा. जे दिसेल ते कागदावर लिहा आणि फोटो काढताना मुखपृष्ठासोबत त्या दोषाचाही काढा. मग कोरड्या जागी, उभे न ठेवता आडवे ठेवा, वर जड काही नको.

आम्ही 15 अंकांची तशी यादी केली. कुठल्या अंकात काय कमी, ते एकेका ओळीत. त्या दादांनी यादी वाचली, दोन ठिकाणी स्वतः भर घातली आणि त्या 15 अंकांचा जो भाव दिला, त्यातून दोन हप्ते फिटले. तिसऱ्या हप्त्यावर दंड लागत होता. पुढच्या बैठकीत तो माफ करायचा ठराव झाला, कारण नुकसान आम्हीच केलं होतं, आणि तसं रजिस्टरात कारणासकट लिहिलं. दोघी-तिघींनी कुरकुर केली, पण सही सगळ्यांनी केली.

लेकीची फी मात्र अजून अर्धी भरायची आहे. त्यासाठी गटाच्या अंतर्गत कर्जाचा अर्ज या महिन्यात येतोय. मधला कागद नसलेला अंक वहिनींनी विकला नाही, लेक तो होस्टेलवर घेऊन गेली.