कोजागिरीचा बेत

आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीला, घरी मंडळी जमणार असतील तर बेताची सुरुवात दुधापासून करा. माणशी पाव लिटर धरलं की 12 जणांना 3 लिटर. म्हशीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवा आणि तळाला लागू नये म्हणून ढवळत राहा. मग साखर, वेलची, केशर, चारोळी आणि बदाम-पिस्त्यांचे काप. जायफळ मात्र चिमूटभरच, नाहीतर त्याचाच वास वर येतो.

आटीव दूध जड असतं, त्यामुळे तळणाचे तीन-तीन प्रकार नकोतच. भेळ आणि बटाटेवडे पुरे. चिंचेची चटणी आदल्या दिवशी करा. भेळ कालवायची ती पाहुणे आल्यावरच. मधुमेह असलेल्यांचं दूध साखर घालण्याआधी वेगळं काढायला विसरू नका.