विषय : एका ओळीत

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



नववीत बाईंनी रजेचा अर्ज पुन्हा पुन्हा लिहून घेतला होता, आठवतं? मायना, विषय, मजकूर आणि शेवटी 'आपली आज्ञाधारक'. मी विषयाच्या ओळीत नुसतं 'विनंती अर्ज' लिहिलं, तर वही परत आली. बाई म्हणाल्या, "कसली विनंती, ते वरच कळलं पाहिजे. आत हवी तेवढी नम्र हो." हे मला खऱ्या अर्थाने कळायला २० वर्षं लागली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. एकदा नवी आवृत्ती सुरू व्हायच्या दोन दिवस आधी मला एक चूक दिसली. काही ग्राहकांच्या खात्यातून एकच रक्कम दोनदा कापली जाणार होती. परदेशातल्या वरिष्ठांना मी इंग्रजीत ईमेल केला. त्याचा मराठी अर्थ असा : 'तसदीबद्दल क्षमस्व. कदाचित माझा गैरसमज असेल, पण जमल्यास सवडीने एकदा पाहावे.' त्यांना सवड झाली नाही. पैसे दोनदा कापले गेले. चौकशीत मी म्हटलं, "मी कळवलं होतं." त्यांनी माझा ईमेल मोठ्याने वाचला आणि शांतपणे विचारलं, "यात चूक कुठे सांगितली आहे?" मला उत्तर देता आलं नाही. सगळे बोल बसले ते तो भाग लिहिणाऱ्या, पहिल्याच नोकरीतल्या मुलीला. मी स्पष्ट लिहिलं असतं तर ती वाचली असती.

आपल्याकडे आजोबा "जमलं तर येऊन जा" म्हणाले की जावंच लागतं. सरकारी पत्रातलं 'कार्यवाही करावी' हा तर हुकूमच. शब्द मऊ असला तरी त्याचं वजन आपल्याला कळतं. परक्या भाषेत नेताना ते वजन वाटेतच सांडतं. आणि खरं सांगू? माझी ती सगळी नम्रताही नव्हती. आपलंच चुकलं तर हसं होईल, म्हणून मी 'कदाचित'च्या आड लपले होते.

खोपोली लोकलने शाळेत येणाऱ्यांना कर्जत स्टेशन वेगळं सांगायला नको. पुढे बोरघाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ, म्हणून पुण्याच्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात. त्या घाटातला लाल सिग्नल 'शक्य असल्यास थांबावे' असं म्हणत नाही. त्यात चालकाला अपमानही वाटत नाही.

आता मी विषयाच्या ओळीतच लिहिते : 'रक्कम दोनदा कापली जात आहे, काम आज थांबवा.' खाली नमस्कार, विनंती, आभार, सगळं असतं. हाताखालच्या मुलामुलींनाही हेच शिकवते.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. उशिरा का होईना, अर्ज दुरुस्त करून आणला आहे.