धाडसाला कोणाचं नाव द्यायचं?
(बुलढाणा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा सारांश)



पोरगं विहिरीच्या काठावरून मुटका मारायला लागलं, की आपल्याकडे कोणीतरी ओरडतंच : ‘लय टारझन झाला का रे?’ एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाने 1912 मध्ये रंगवलेला हा नायक आपल्या घाटावर-घाटाखाली असा रुळला आहे. पण बरोजचा टारझन केवळ झाडांवरून झेपावत नाही. वडिलांच्या ओस पडलेल्या झोपडीत सापडलेली पुस्तकं पाहत तो एकट्याने वाचायला शिकतो. आपल्या बोलण्यात त्याचे दंड आले, त्याची पुस्तकं मात्र मागेच राहिली.

‘सिंघम’चं तेच झालं. 2011 च्या हिंदी चित्रपटातला बाजीराव सिंघम लोकांच्या बाजूने उभा राहतो, म्हणून तो आवडला. आज मात्र कोणी हात उगारला तरी आपण त्याला सिंघम म्हणून मोकळे होतो. कर्तबगार महिला अधिकाऱ्यालाही ‘लेडी सिंघम’ म्हणतो. जिजाऊंचं सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, तिथे बाईच्या धैर्याला हे उसनं पुरुषी नाव का लागावं?

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे या दोघांहून वेगळा. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठी मुलांपर्यंत आणणाऱ्या भागवतांनी स्वतःचा नायक घडवला तो फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा काटकुळा बनेश. अंगात बळ बेताचंच. पण नजर तीक्ष्ण, सायकल हाताशी, आणि कोणी संकटात दिसलं की याचा पाय जागेवर ठरत नाही. म्हणून एखाद्या चुणचुणीत पोराला ‘अगदी फास्टर फेणे आहे’ म्हणताना आपण त्याच्या दंडांचं कौतुक करत नाही. त्याच्या डोक्याचं आणि दुसऱ्यासाठी धावण्याचं करतो. धाडस या शब्दाचा मला पटलेला अर्थ हाच आहे.

मुलं मोठ्यांच्या शाबासकीवरून शौर्य शिकतात. दांडगाईला शाबासकी मिळाली, तर ती दांडगाईच शिकतील.

म्हणून इथल्या लेखकांना, शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. 2020 च्या जूनमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा शास्त्रज्ञांनी नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्यामागे असल्याचं दाखवलं. उल्कापाताने घडलेल्या त्या विवरात उतरून ‘पाणी असं का झालं?’ असं विचारणारी, अफवांना न भिणारी एक मुलगी आपल्या गोष्टीत यायला हवी. तिला इथलीच बोली द्या, मैत्रिणी द्या, चुका करू द्या. गोष्ट जिवंत उतरली, तर तिचं नाव लोकांच्या तोंडी आपोआप बसेल, आणि उद्या इथल्या एखाद्या धीट मुलीला शाबासकी देताना सिंघमची आठवण काढावी लागणार नाही.