सिगारेटच्या पाकिटातले खेळाडू

अमेरिकेत १८८०च्या दशकात सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटात मिळत. पाकीट खिशात चेपले की आतल्या सिगारेटी मोडत, म्हणून कंपन्या त्यात पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवू लागल्या. तो कोरा ठेवण्यापेक्षा त्यावर चित्र छापलेले बरे, हे व्यापाऱ्यांच्या लगेच ध्यानात आले. नट्या, पक्षी, झेंडे आणि त्यांच्या जोडीला बेसबॉलचे खेळाडू या पुठ्ठ्यांवर झळकू लागले. न्यू यॉर्कच्या गुडविन कंपनीच्या ‘ओल्ड जज’ कार्डांवर तर स्टुडिओत काढलेले फोटो असत. कॅमेरे तेव्हा मंद, उडता चेंडू टिपणार कसा? मग चेंडू दोऱ्याने टांगायचा आणि खेळाडूने तो झेलण्याचा आव आणून स्तब्ध उभे राहायचे. काही कार्डांत तो दोरा आजही स्पष्ट दिसतो.

१८९० मध्ये मोठ्या सिगारेट कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी झाली. स्पर्धाच उरली नाही, तेव्हा आमिषाची गरजही संपली आणि कार्डे जवळजवळ बंद पडली. पुढे १९०९ ते १९११ या काळात याच कंपनीने ५२४ कार्डांचा रंगीत संच काढला. संग्राहक त्याला ‘टी-२०६’ म्हणतात. त्यातले पिट्सबर्गचा बेसबॉल खेळाडू होनस वॅग्नर याचे कार्ड या छंदातले सर्वांत प्रसिद्ध कार्ड. वॅग्नरने आपले चित्र छापू देण्यास नकार दिला आणि छपाई लवकरच थांबली. मुलांनी आपल्यापायी सिगारेटी घेऊ नयेत अशी त्याची इच्छा होती, असे सांगतात. पण तो स्वतः तंबाखू चघळत असे, त्यामुळे खरा वाद पैशांचा होता, असेही काहींचे मत आहे. सुमारे ६० प्रती आज ज्ञात आहेत. त्यांतली एक २०२२ मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरना विकली गेली.

‘टी-२०६’ हे नाव जेफरसन बर्डिकच्या सूचीतले. सिरॅक्यूस शहरातला हा साधा कामगार, संधिवाताने जखडलेला. जुनी कार्डे जेव्हा कुणी मोजतही नव्हते, तेव्हा त्याने ती जमवली, गटवार लावली आणि १९३९ मध्ये त्यांची सूची छापली. बेसबॉल ही त्याची खास आवड नव्हतीच. छापील कागद ही होती. तीन लाखांहून अधिक नग त्याने न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले आणि बोटे वाकडी झालेली असताना वर्षानुवर्षे तिथे बसून ते आल्बममध्ये चिकटवले. जानेवारी १९६३ मध्ये ते काम हातावेगळे केले आणि दोनच महिन्यांत तो वारला.

मधल्या काळात तंबाखूची जागा च्युइंगगमने घेतली होती. बॉस्टनच्या गाउडी कंपनीने १९३३ मध्ये संच काढला, पण १०६ क्रमांकाचे कार्ड छापलेच नाही. मुले त्या एका कार्डासाठी गम घेत राहिली! तक्रारींची पत्रे गेली, तेव्हा कंपनीने पुढच्या वर्षी ते छापून तक्रारदारांना टपालाने पाठवले.

१९५२ चा टॉप्स कंपनीचा संच ४०७ कार्डांचा. त्याची आखणी साय बर्गर यांनी ब्रुकलिनमधल्या आपल्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली. शेवटची मालिका हंगाम सरताना बाजारात आली, मुलांचे लक्ष फुटबॉलकडे वळले होते आणि गठ्ठे पडून राहिले. १९६० मध्ये आपण ते पडावात घालून अटलांटिक समुद्रात बुडवले, असे बर्गर सांगत. त्याच मालिकेतले मिकी मँटलचे कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेले. गंमत अशी, की मालिकेतल्या बहुतेक कार्डांच्या दुप्पट प्रती मँटलच्या छापल्या गेल्या होत्या.

जुन्या कार्डांचे भाव चढू लागल्यावर १९८०च्या दशकात लोक नवी कार्डे प्लॅस्टिकमध्ये जपू लागले. कंपन्यांनीही भरमसाट छापली. सगळ्यांनीच जपल्यामुळे त्यांतली बहुतेक आज कवडीमोल आहेत.

जुन्या कार्डांची किंमत मात्र कोपरे, कडा आणि चित्र किती मध्यावर छापले आहे यांवर ठरते. १९९१ पासून पीएसए कंपनी एक ते दहा असा दर्जा देऊन कार्ड मोहोरबंद करते. तिने पहिला दर्जा दिला तो वॅग्नरच्या एका प्रतीला: आठ. हे कार्ड पूर्वी विकणारे व्यापारी बिल मास्त्रो यांनी, आपण त्याच्या कडा कापल्या होत्या, अशी कबुली २०१३ मध्ये दिली. कडा कापलेल्या कार्डाला ही कंपनी एरवी क्रमांक देत नाही.