सतरा नंबरचा फॉर्म आणि बदलती दहावी

शाळा मध्येच सुटली, तरी दहावी देता येते.
त्यासाठी असतो १७ नंबरचा फॉर्म.

श्रोतेहो, हा फॉर्म ऑनलाइन भरला जातो.
किमान पाचवी पास असावे लागते.
शाळा सोडल्याचा दाखला हवा.
वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचा विद्यार्थी नागपूर विभागीय मंडळात मोडतो.

मात्र परीक्षा बदलत राहते.
२०१८ मध्ये दहावीची पुस्तके बदलली.
२०१९ च्या परीक्षेत भाषांचे तोंडी गुण गेले.
निकाल चांगलाच घसरला.
पुढच्याच वर्षी ते गुण परत आले!

म्हणून थोरल्या भावाच्या जुन्या पुस्तकांवर भिस्त नको.
आधी चालू वर्षाच्या परीक्षेचा आराखडा, म्हणजे गुणांची विभागणी, पाहावी.
तो फॉर्म भरताना निवडलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत विचारावा.

२०२५ मध्ये परीक्षा मार्चऐवजी फेब्रुवारीतच सुरू झाली.
तेव्हा आष्टीकडे हरभरा काढणीला येतो.
त्यामुळे उजळणी जानेवारीतच उरकलेली बरी.
पण आधी चालू वर्षाचा आराखडा.