कूतच्या वेढ्यातला हिशेब



पहिलं महायुद्ध म्हटलं की आपल्याला फ्रान्समधले खंदक आठवतात. पुण्याच्या फौजेवर मात्र सर्वांत मोठा घाला पडला तो आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या काठी, कूत-अल-अमारा या गावात. फौजेचं नावच सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. शिवाय पंजाबी होते, राजपूत होते, डॉर्सेट आणि नॉरफकच्या गोऱ्या पलटणी होत्या.

नोव्हेंबर १९१४ मध्ये ही फौज बसऱ्याला पोहोचली, ती इराणी तेलाच्या रक्षणासाठी. तेल सुरक्षित झालं, पण तोवर बगदादचा मोह पडला होता. त्या मुलखात ना रेल्वे होती, ना धड रस्ता. दाणागोटा, दारूगोळा, जखमी, सगळं काही नदीतून न्यायचं. फौज पुढे सरकत गेली, बोटी मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. माझ्या मते कूतचा पराभव इथेच ठरला होता, लढाई व्हायच्या आधी.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्कांशी मोठी लढाई झाली. या फौजेची सुमारे साडेचार हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड मागे फिरले आणि कूतला येऊन थांबले. नदी तिथे मोठं वळण घेते आणि गाव त्या वळणात आहे. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला तुर्कांचे खंदक. ७ डिसेंबरला वेढा पक्का झाला.

आता शिध्याचा हिशेब ऐका. टाउनशेंडनी वरिष्ठांना कळवलं की गोऱ्या सैनिकांना महिनाभर आणि हिंदी सैनिकांना दोन महिने पुरेल एवढा शिधा आहे. हा आकडा ऐकून सुटकेला निघालेल्या जनरल एल्मरचा जीव घाबरा झाला. त्यांच्या पलटणी बसऱ्याहून तुकड्यातुकड्यांनी येत होत्या. तोफा मागे, दवाखाने त्याहून मागे. तरीही त्यांनी जानेवारीत शेख साद, वादी आणि हन्ना इथे एकामागून एक हल्ले चढवले. चिखलातून, उघड्या मैदानावरून. त्या एका महिन्यात आठ हजारांच्या आसपास माणसं कामी आली किंवा जायबंदी झाली.

आणि मग जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात टाउनशेंडचा नवा निरोप आला. गावातल्या घरांची झडती घेतली, दडवलेलं धान्य सापडलं. घोडे कापून खाल्ले तर आणखी ८४ दिवस निभेल! ही झडती डिसेंबरात घेता आली नसती का? तोवर फौजेला पुरा शिधा वाटला जात होता, हे आणखी एक. टाउनशेंड धीट होते, हुशारही होते. पण कोठीकडे त्यांनी फार उशिरा पाहिलं, आणि त्याची किंमत वेढ्याबाहेरच्या माणसांनी मोजली.

धान्य मिळालं तर दळायचं कसं, हा पुढचा प्रश्न. जात्याच्या तळ्या विमानातून टाकून घ्याव्या लागल्या. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोतीही टाकली. काही नदीत पडली, काही तुर्कांच्या हाती लागली. तोवर माणशी रोजचं पीठ पाच औंसांवर, म्हणजे दीडशे ग्रॅमच्याही खाली आलं होतं.

घोड्याच्या मांसाचा पेच वेगळाच होता. गोऱ्यांनी ते खाल्लं. बहुतेक हिंदी शिपायांनी नाकारलं. परवानगीचे निरोप हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून मागवले, तरी मन वळेना. गावी कळलं तर पंक्तीला कोण बसू देईल, पोरींची लग्नं कशी जमतील, ही भीती भुकेपेक्षा मोठी होती. त्यांना हट्टी म्हणणारे इंग्रज अधिकारी पुष्कळ होते. मला तो हट्ट वाटत नाही. परत जायची आशा ज्याला असते, तोच गावाचा विचार करतो. एप्रिल उजाडल्यावर मात्र हजारोंनी ते मांस खाल्लं. तोपर्यंत हिरड्या सुजल्या होत्या, स्कर्व्हीने माणसं खाटेला खिळली होती. गंमत अशी, की गोऱ्यांना मांसामुळे स्कर्व्ही झाला नाही, पण पांढऱ्या मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी झाला. हिंदी शिपाई कोंड्यासकट आटा खात होते, ते त्यातून वाचले.

शेवटचे प्रयत्न धावत सांगतो. २४ एप्रिलच्या रात्री जुल्नार नावाची बोट २७० टन सामान घेऊन निघाली आणि नदीत ताणलेल्या तारदोराला अडकली. मग तुर्कांना दहा लाख, नंतर वीस लाख पौंड देऊ केले. त्यांनी ते झिडकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेचे तोवर तेवीस हजार मृत आणि जखमी झाले होते.

टाउनशेंडना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला आणि पुढे ‘सर’ ही पदवीही. त्यांचे शिपाई वाळवंटातून मोसुलकडे आणि पुढे रास-अल-ऐनला पायी हाकले गेले, बगदाद रेल्वेचे रूळ टाकायला. हजारो परतले नाहीत. १९१७ मध्ये या मोहिमेच्या चौकशी आयोगाने हिंदुस्थान सरकारवर कडक ठपका ठेवला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. ११७ मराठा पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला.

बसऱ्याजवळ या मोहिमेतल्या मृतांचं मोठं स्मारक आहे. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली; साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा लिहिला. नावं कागदोपत्री आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर पलटणीच्या नावाने ती शोधता येतात, आणि बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुकाही दिलेला आहे. साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या, कोल्हापूरच्या श्रोत्यांना माझी विनंती आहे: आपल्या गावाचं नाव त्यात आहे का पाहा, आणि असलं तर ती नावं ग्रामपंचायतीत लावून घ्या.